सॅम्पल फ्लॅटमधली गर्दी

ठाणे-कल्याण पट्ट्यात घरांना प्रचंड मागणी आहे, असं दर महिन्याला कुठला तरी अहवाल सांगतो. आता म्हणे लोकांना नुसतं घर नको. मोठी बाल्कनी हवी, क्लबहाऊस हवं, ‘जीवनशैली’ हवी. हे लोक राहतात कुठे, एवढंच मला अहवाल लिहिणाऱ्यांना विचारायचंय. आम्ही दिवा स्टेशनजवळ भाड्याने राहायचो. आमच्या मजल्यावर कुणालाही विचारलं असतं तर उत्तर एकच आलं असतं: नळाला पाणी हवं. पण नळाचा फोटो टाकून कोणी पानभर जाहिरात करत नाही.

बाबांचं सगळं आयुष्य कारखान्यात आणि युनियनमध्ये गेलं. मी वाचायला शिकलो तेच त्यांच्या पत्रकांवर. ‘कमळ’ वाचण्याआधी मला ‘कामगार’ वाचता येत होतं. हा माणूस निवृत्तीची सगळी पुंजी घेऊन टिटवाळ्याला घर बुक करायला निघाला, आणि इमारत तर अजून जमिनीतून वर आलेली नव्हती. पैसे एकदाच मिळाले होते. चुकलो असतो तर पुन्हा संधी नव्हती.

रविवारी ‘लाँच’ होतं, म्हणजे बुकिंगचा पहिला दिवस; आई, बाबा आणि मी तिघं गेलो. सॅम्पल फ्लॅटमध्ये प्लास्टिकची सफरचंदं, भिंतभर आरसे, आणि खोली मोठी दिसावी म्हणून मुद्दाम आखूड केलेला पलंग. त्यावर झोपायचं तर पाय बाहेर ठेवावे लागले असते. मी बाबांना तो पलंग दाखवला. ते पाहत होते गर्दीकडे.

“एवढी माणसं काय मूर्ख आहेत?” ते म्हणाले.

गर्दी चुकत नाही, हा त्यांचा जुना विश्वास. मोर्चे काढणारा माणूसच या फासात इतक्या सहज अडकू शकतो.

टाय लावलेला सेल्सवाला धावत आला. “काका, सातव्या मजल्यावर एकच उरलाय. ती फॅमिली बघा, चेक लिहितायत.”

आम्ही सोफ्याकडे पाहिलं. तिथे आमच्याच इमारतीतली, तळमजल्यावरची बाई बसली होती. शेजारी बसलेला पुरुष तिचा नवरा नव्हता.

आई तिच्याकडे गेली. “अगं, हा कोण?”

“आजचा नवरा, वहिनी. हळू बोला ना, ड्युटीवर आहे.”

“कसली ड्युटी?”

“बसायची. एसीत बसायचं, समोसा खायचा, आणि हा टायवाला कोणाला घेऊन आला की ‘आम्हाला हाच फ्लॅट पाहिजे’ म्हणायचं. निम्म्याच्या वर आमचीच माणसं आहेत इथे. तुम्हीपण टेका जरा, उभ्या का?”

सेल्सवाला छताकडे बघायला लागला. मला आसुरी आनंद झाला. “बघा बाबा, तुमची जनता!” मी मोठ्याने म्हणालो.

बाबा शांतपणे म्हणाले, “आम्हीपण मोर्च्याला माणसं टेम्पोत भरून आणायचो. वडापाव द्यायचो. म्हणून पगारवाढ नको होती असं नाही. मला घर हवंय, ते खरंच आहे ना?” आणि त्यांनी खिशातून चेकबुक आणि पेन काढलं.

 याचं उत्तर त्यांच्या पत्रकांत कुठेच छापलेलं नव्हतं.

आईने सेल्सवाल्याला विचारलं, “पाणी कुठून येणार?”

“मॅडम, पाण्याचं टेन्शनच नाही. स्विमिंग पूल आहे.”

“तो कशाने भरणार?”

“ते सगळं पझेशनच्या वेळी क्लिअर होईल.”

“मग चेकपण तेव्हाच देऊ.” तिने बाबांच्या हातातून चेकबुक घेतलं आणि पर्समध्ये टाकून चेन ओढली. आयुष्यभर बाबांच्या सभांना चहा करणाऱ्या या बाईने त्यांना पहिल्यांदाच चारचौघांत अडवलं होतं. बाबा उघडं पेन धरून उभे राहिले. मला वाटलं, आता भडकणार, निदान त्या टायवाल्यावर तरी.

ते सोफ्यापाशी गेले.

“किती तास बसवतात तुम्हाला?” त्यांनी तळमजल्यावरच्या बाईला विचारलं.

“सकाळी नऊपासून, भाऊजी. गर्दी असेल तर रात्रीपर्यंत.”

“आठ तासांच्या वर बसवलं तर जादा मागा,” बाबा म्हणाले. “एकटीने नाही. सगळ्यांनी मिळून.”

आजच्या नवऱ्याने समोसा खाली ठेवला आणि नीट ऐकायला पुढे सरकला.