तोंड तिकडे कर, माय

पांढुर्ण्यात गुणवंता फोटोवाल्याला ओळखत नाही असा माणूस त्या काळी सापडला नसता. लग्न असो, बारसं असो, कोणी नवी मोटारसायकल घेतलेली असो, गुणवंता हजर. स्टेशनच्या रस्त्याला त्याचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे काय, एक खोली. कापडावर ताजमहाल रंगवलेला आणि त्या ताजमहालाच्या मागे काळा पडदा लावून केलेली डार्करूम. माणूस मोठा गोड. गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी उचलून "हं, आता हासा जी" म्हणायचा, की सासरी निघालेली पोरगीही हसायची. लोकांच्या तोंडांवरच त्याचं घर चालत होतं.

त्याच्या डोक्यात कॅलेंडरवर आपला फोटो छापून येण्याचं खूळ भरलं ते नागपूरच्या अरविंदमुळे. अरविंद एका फोटो कंपनीचा माणूस. गावोगावचे फोटो जमवून ठेवायचे आणि कॅलेंडरवाले, खतवाले, बियाणेवाले मागतील तसे त्यांना विकायचे, हा त्या कंपनीचा धंदा. गुणवंतानं संत्र्याच्या बागांचे फोटो पाठवले की ते परत यायचे.

"नजर चांगली आहे हो तुमची," अरविंद म्हणाला, "पण निगेटिव्ह पडते लहान. भिंतीएवढा फोटो केला की नुसते दाणे दिसतात. मोठ्या निगेटिव्हचा कॅमेरा घ्या. हा माझा ठेवा चार दिवस, वापरून पाहा, मग ठरवा. आणि नेहमी सांगतो तेच, बायांचे चेहरे नका घेऊ. चेहरा दिसला की ती कोणाची तरी बाई होते. पाठ दिसली की कुठल्याही गावाची. अशी पाठ कोणालाही विकता येते."

गुणवंताला ते पहिल्यापासून फार शहाणपणाचं वाटत आलं होतं.

तो कॅमेरा पोटाशी धरून, खाली मान घालून पाहायचा होता. चंद्रकला, त्याची बायको, पाहतच राहिली.

"देवापुढं कधी इतकी मान वाकवली नाही तुमी."

"तुले काय समजते त्यातलं? गवताची काडी न् काडी येते याच्यात."

"येऊ द्या. पण हा घ्यासाठी जुना कॅमेरा काढान, मंग लग्नात काय हा डबा पोटाले बांधून नाचान?"

बोलणं खरं होतं. जुना विकल्याशिवाय नवा येत नव्हता, आणि नवा लग्नाच्या धावपळीच्या कामाचा नव्हता. हो म्हणावं तर घरचा धंदा जातो, नाही म्हणावं तर कॅलेंडर जातं. असा तो अडकला होता.

संत्र्याच्या मृगबहाराची तोडणी चालू होती. जाम नदीपलीकडे सावरगावला रघुनाथरावांची बाग. तिथे गुणवंता अरविंदचा कॅमेरा घेऊन पोचला तेव्हा बाया झाडाखाली टोपल्या भरत होत्या. त्यांत भागरथाबाई सगळ्यांत म्हातारी. जुन्या कॅमेऱ्यानंही त्यानं तिचे कितीतरी फोटो काढले होते, कारण तिच्यासारखं लुगडं नेसणारी आता कोणी राहिली नव्हती आणि तिला उभं राहा म्हटलं की ती झाडासारखी उभी राहायची.

त्या दिवशी तिनं तोंडावरून पदर फिरवला, केस नीट केले आणि त्याच्याकडे पाहून हसली.

"तोंड तिकडे कर, माय. झाडाकडे."

"आजबी तिकडंच?" ती म्हणाली. "बाबू, माह्या तोंडानं तुह्या डब्याची काच फुटते का काय?"

बाया खदखदून हसल्या. गुणवंताही हसला.

"तसं नाही वं माय. तू संत्र तोडून राहिली असं दिसाले पायजे."

"बरं बाप्पा," म्हणून तिनं पाठ केली आणि हात वर नेला. "पण एखांद्या डाव माहं तोंडबी काढजो. घरी एकबी फोटो नाही माहा."

"काढतो ना. रोल उरला की काढतो."

रोल उरला नाही.

पुढच्याच आठवड्यात भागरथाबाई गेली. तापाचं निमित्त झालं. तिचा मुलगा सुखदेव शेतमजुरीच करायचा, शांत माणूस. तो स्टुडिओत आला आणि बाकावर टेकला.

"गुणवंताभाऊ, रविवारी पुण्यानुमोदन ठेवलं हाये आईचं. बाया म्हणतात, तुमी तिचे लय फोटो काढले. एक मोठा करून द्या. बाबासाहेबांच्या फोटोजवळ ठेवू."

सगळे फोटो गुणवंताच्या डोळ्यांसमोरून गेले. पाठ, पाठ, अंबाडा, पाठ. खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं भलतंच.

"माहा कॅमेरा लहान पडते ना, सुखदेव. मोठा केला की चेहराच फुटून जाते. ओळखू येत नाही."

सुखदेवनं ते खरं मानलं. उलट त्यालाच गुणवंताची कीव आली. "तुमचा काय दोष जी? गरिबाची हत्यारं अशीच. मोठा घेऊनच टाका तुमी. आमच्या आईचं राहिलं, दुसऱ्या कोणाचं तरी येईन."

तो उठला. उठता उठता त्याची नजर तारेवर गेली. मोठ्या कॅमेऱ्याचे फोटो चिमट्यांना लावून वाळत टाकले होते. सुखदेव जवळ गेला. फोटोत एक हात संत्र्याकडे गेला होता. पानांच्या शिरा दिसत होत्या, संत्र्याच्या सालीवरची बारीक भोकं दिसत होती, आणि मनगटाच्या वर गोंदलेला विंचू दिसत होता. त्या विंचवाच्या नांगीजवळ एक ठिपका जास्तीचा होता. लहानपणी गोंदणारणीपुढे भागरथाबाईनं हात हलवला होता, त्याचा.

"हे तं आईचं गोंदण हाये," सुखदेव म्हणाला. "विंचवाचा ठिपका आला जी याच्यात."

गुणवंता ताजमहालाकडे पाहू लागला.

"तोंड कुठं हाये, भाऊ?"

"नाही."

"तिनं फिरवलं?"

आताही हो म्हणता आलं असतं. मेलेली बाई काही सांगायला येणार नव्हती. पण तो ठिपका समोर होता.

"मीच फिरवाले लावलं. दरवेळी. नागपूरवाले म्हणे चेहरा नको. तिनं मांगला होता एक. मी काढतो म्हटलं."

सुखदेव ओरडला असता, हात उगारला असता, तर गुणवंताला बरं वाटलं असतं. सुखदेवनं फक्त विचारलं, "हा नेऊ का मंग? हात तं आईचाच हाये."

रविवारी तो हात फुलांचा हार घालून ठेवला होता. येणारा प्रत्येकजण वाकून पाहायचा, आणि कोणी विचारलं की सुखदेव काय सांगेल म्हणून दाराशी बसलेल्या गुणवंताचे कान तापायचे. सुखदेव एवढंच म्हणायचा, "आईचा हाये." गुणवंताचं नाव त्यानं घेतलं नाही. त्यापेक्षा घेतलं असतं तर बरं, असं गुणवंताला वाटत राहिलं.

कॅमेरा त्यानं नागपूरला नेऊन परत दिला. अरविंदला नवल वाटलं. "का हो? फोटो तर झकास आलेत."

"फार झकास आले," गुणवंता म्हणाला. "मले नाही पायजे."

चंद्रकलानं का म्हणून विचारलं नाही. त्या दिवशी तिनं त्याच्या आवडीची भाकर केली, आणि तीही तो खाली मान घालूनच खात होता.

आंबियाबहाराची तोडणी लागली तेव्हा गुणवंता आपला जुना कॅमेरा घेऊन सावरगावच्या बागेत गेला. या वेळी विकायला नाही. ज्या बाईला पाहिजे तिला तिचा फोटो काढून द्यायचा, असं मनाशी धरून गेला. तो दिसताच पुष्पा नावाची बाई ओरडली, "फोटोवाले भाऊ आले वं!" आणि झाडाखालच्या सगळ्या बाया पटापट पदर सारखे करून झाडांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"अवं, इकडं पाहा. माह्याकडं पाहा."

पाठी हसून हलल्या. "राहू द्या जी," पुष्पा न वळताच म्हणाली. "तुमाले कसं लागते ते आमाले मालूम हाये."

कॅमेरा गळ्यात तसाच लोंबकळत ठेवून गुणवंता त्या पाठींमागे उभा राहिला. आता वळा म्हणावं, तर कोणत्या तोंडानं म्हणावं, ते त्याला सुचेना.