डेडलिफ्ट, पुलअप आणि राहिलेल्या दोन पायऱ्या

पेडगावात बिरूला 'तीन पायऱ्या' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्याला ऐकू जाईल इतक्या जवळून म्हणतात. माणूस तसा भला. मेंढरं राखावीत, लोकर कातरावी, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण भल्या माणसाचं गावाला काय कौतुक? गावाला त्याची एखादी फजिती हवी असते, आणि बिरूची फजिती गावानं त्याच्या लग्नापासून जपून ठेवली आहे.

शिवेजवळच्या टेकडीवर खंडोबाचं देऊळ आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरा-नवरी देवाला जातात आणि नवऱ्यानं नवरीला उचलून पहिल्या पाच पायऱ्या चढायच्या, अशी रीत आहे. पुढच्या पायऱ्या दोघांनी आपापल्या पायांनी चढाव्यात; देव तेवढा समजूतदार आहे. बिरूनं केवळाबाईला उचललं तेव्हा ती अंगानं काडीसारखी होती. एका हातात नारळ, दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर पार कपाळावर ओढून धरलेला, कारण समोर सासरा, चुलत सासरा आणि अख्खी भावकी उभी. पहिली पायरी झाली, दुसरी झाली. तिसरीवर बिरूच्या कमरेत कळ आली, केवळाबाई हातांतून घसरायला लागली आणि पडता पडता कशीबशी पायांवर उभी राहिली. नारळ मात्र गडगडत खाली गेला. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "मेंढी उचलतंय, पण बायकू उचलंना." झालं. बिरूचं दुसऱ्यांदा बारसं झालं.

आता यात गंमत अशी, की मेंढी तो खरोखरच उचलायचा. ओढ्याला पाणी आलं की भरल्या अंगाची मेंढी मानेवर आडवी टाकायची, पुढचे-मागचे पाय छातीवर धरायचे आणि पलीकडे जायचं. एक नेली की दुसरी. मग बायकोच का निसटली, याचा बिरूनं मेंढरांमागं फिरताना पुष्कळ विचार केला. विचार करायला त्या धंद्यात वेळ बक्कळ असतो. शेवटी त्यानं ठरवून टाकलं की आपली पाठच कच्ची आहे.

केवळाबाई यावर कधी बोलली नाही, आणि तेच त्याला लागायचं. दरसाल चंपाषष्ठीला दोघं देवाला जायचे. तिसऱ्या पायरीवर ती जराशी थांबायची, पदर सारखा करायची आणि पुढं चालू लागायची. एवढंच. पण त्या थांबण्यानं बिरूचा जीव अर्धा व्हायचा. भांडली असती तर बरं, असं त्याला वाटायचं.

अशात त्याच्या पोराचं, हरिओमचं लग्न ठरलं. हरिओम परभणीत ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला. मुलगी पोखर्णीकडची, मंजुषा नावाची. कॉलेजात कबड्डी खेळलेली, अंगापिंडानं मजबूत. सुपारी फुटली त्याच दिवशी पारावर सुरू झालं, की पोरगं बापाच्या पुढं जातंय की तिसरीवरच बसतंय. हरिओमनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजातून एक लोखंडी पाइप आणला. रंगाच्या दोन रिकाम्या डब्यांत सिमेंट भरून ते पाइपाच्या दोन टोकांना घट्ट बसवले आणि मेंढवाड्याच्या मागं डेडलिफ्ट सुरू केली.

त्याचा दोस्त नागनाथ सैन्याच्या भरतीची तयारी करत होता. त्याचा सगळा जीव पुलअपवर. ग्रामपंचायतीशेजारी सरकारनं ओपन जिम करून दिली आहे. तिच्या आडव्या दांडीला नागनाथ सकाळ-संध्याकाळ लोंबकळलेला असायचा. रोज संध्याकाळी तो बिरूच्या अंगणात यायचा आणि दोघांची जुंपायची.

"पाठ म्हंजी नुसती वरची फळी न्हाई," हरिओम म्हणायचा. "मांड्यांपासून मानेपस्तोर समदी एक दोरी हाय. खालचं वजन उचलून ताठ उभं ऱ्हायलं की समद्या दोरीला पीळ बसतो. पुलअपनं कंबरेला काय व्हतंय? कंबर नुसती लोंबकळती."

"आन् उचललेलं धरून ठेवायला काय लागतंय? बगला, दंड, पंजा. ते पुलअपनं येतंय. खालून वजन वढणारे लय बघितले म्या. चार दिसांनी कंबरंला पट्टा बांधून फिरायलेत."

"पाठ वाकडी करून वढल्यावर पट्टाच बांधायचा की. तुला झाडावर चढायचंय का नवरीला वर न्यायचंय?"

"हातातून सुटली तर तुझी कंबर काय करायलीय?"

हे शेवटचं वाक्य ऐकून अंगणाच्या कोपऱ्यात लोकर कातत बसलेल्या बिरूच्या हातातला धागा तुटायचा. तो मान वर करायचा नाही, पण कान त्या दोघांकडंच. एक दिवस त्यानं विचारलंच.

"कच्ची पाठ पक्की व्हायला किती दिस लागत्यात रं?"

"कुणाची?" हरिओमनं विचारलं.

"कुणाची बी. सहज इचारलं."

सहज कसलं, बिरूच्या डोक्यात वेगळंच शिजायला लागलं होतं. लग्नानंतर पोरगं सुनेला घेऊन पायऱ्या चढणार. तेव्हा केवळाबाईही तिथं असणार, तिसऱ्या पायरीवर थांबणार, पदर सारखा करणार. आपल्या तिथं दोन पायऱ्या राहिल्या आहेत. त्या आता नाही चढलो, तर मग त्या राहिल्याच. वय काही मागं जात नाही. हे मनात आलं आणि बिरूला जेवण गोड लागेना.

दुपारी मेंढरं झाडाखाली बसली, पोरगं गॅरेजात गेलं आणि केवळाबाईचा डोळा लागला, की बिरू मेंढवाड्यामागं जायचा. आधी इकडंतिकडं बघायचा. मग पोराचं ऐकून ऐकून पाठ झालेलं मनात म्हणायचा: कंबर मागं, छाती पुढं, पाठ ताठ, पाइप नडगीला घासत वर. पहिल्या दिवशी डबे जागचे हलले नाहीत. त्याच्या तोंडून मात्र असा काही आवाज निघाला, की झोपलेली मेंढरं उठून उभी राहिली. मग त्यानं अक्कल चालवली, हरिओमनं वजन वाढवल्यावर बाजूला टाकलेले पहिले, हलके डबे शोधून काढले आणि तिथून सुरुवात केली.

पुलअपसाठी कडुलिंबाची एक फांदी बरी होती. ऐन जवानीत बिरू याच झाडावर चढून शेळ्यांना पाला पाडायचा. त्या भरवशावर त्यानं फांदी धरली, पाय उचलले, आणि नुसता लटकला. वर जाण्याचं नाव नाही. हात लोकर कातरून कातरून दणकट झालेले, पण मधल्या काळात पोटानं चांगली जागा धरली होती. पुष्कळ दिवसांनी हनुवटी नाही तरी नाक फांदीला टेकलं. त्या दिवशी बिरूनं स्वतःवर खूश होऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि आठवड्याची मेहनत वाया घालवली.

डेडलिफ्ट बरी की पुलअप, याचा निकाल मात्र लागेना. डेडलिफ्ट केली की दुसऱ्या दिवशी कंबर बोलायची. पुलअप केले की बगला अशा धरायच्या, की तंबाखूची चिमूट तोंडापर्यंत जाईना. तोंडच खाली आणावं लागायचं. दोन्ही केलं त्या दिवशी त्याला कुणी हाक मारली तर तो अख्खाच्या अख्खा वळून बघायचा. गावाला वाटलं, पोराच्या लग्नानं बिरूला ताठा आला.

आणि मग तो एडका. बिरूच्या कळपात फौजदार नावाचा एक एडका आहे, नावाप्रमाणेच माजलेला. एका दुपारी बिरू पाइपावर वाकला, कंबर मागं काढली, छाती पुढं काढली. सगळं अगदी हरिओम सांगतो तसं. फौजदारानं ते मागून बघितलं. त्याच्या जातीत या पवित्र्याचा एकच अर्थ होतो. तो चार पावलं मागं गेला आणि धावत येऊन त्यानं बिरूला अशी काही टक्कर दिली, की बिरू पाइपावरून पलीकडं, थेट पाण्याच्या डोणीत.

त्या संध्याकाळी केवळाबाईनं करडीचं तेल कोमट केलं आणि त्याला पालथं झोपवून पाठ चोळायला घेतली.

"कशानं झालं?"

"वड्यात पाय घसरला."

"वड्याला पाणी कुठाय? कोरडा ठणठणीत पडलाय."

बिरू मोठ्यानं कण्हला. चोळता चोळता केवळाबाईचा हात त्याच्या पाठीवर एका जागी थांबला, दाबून बघितल्यासारखा, आणि पुन्हा फिरायला लागला. पाठ कच्चीच म्हणत असणार ही, असं बिरूला वाटलं. आणि त्याला इतकं वाईट वाटलं, की त्यानं तोंड वाकळेत खुपसलं.

लग्न थाटात झालं. दुसऱ्या दिवशी सगळं वऱ्हाड टेकडीच्या पायथ्याशी जमलं. भंडारा उधळला गेला, येळकोटाचा गजर झाला आणि पन्नास मोबाइल वर झाले. नागनाथ हरिओमच्या कानात सांगत होता, "बगलंतून जोर लाव," आणि हरिओम त्याला म्हणत होता, "गप उभा ऱ्हा."

हरिओम वाकला. पाठ ताठ, कंबर मागं. बिरूनं नकळत मागं वळून पाहिलं. फौजदार घरी बांधलेला होता. हरिओमनं मंजुषाला उचललं, आणि त्याच क्षणी त्या पोरीनं दोन्ही हात त्याच्या मानेमागं टाकून बोटांत बोटं गुंतवली. सासरा समोर, सासू समोर, सगळी भावकी समोर. तिनं कुणाकडं बघितलंही नाही. कबड्डीत गडी धरावा तसा तिनं नवरा धरला होता. पहिली, दुसरी, तिसरी. हरिओम चढला, चौथी चढला, पाचवीवर जाऊन हसत उभा राहिला.

"डेडलिफ्ट," तो वरून नागनाथाला म्हणाला.

"पुलअप," खालून नागनाथ म्हणाला. "तू न्हाई, वहिनीनं केला. हात बघ की त्यांचे. निम्मं वजन त्यांनीच वर धरलंय."

लोक हसले आणि नवरा-नवरीमागं वर जायला लागले. बिरू मात्र हसला नाही. तो मंजुषाच्या हातांकडं बघत राहिला. त्याला मानेवर टाकलेली मेंढी आठवली, जिचा सगळा भार खांद्यांवर असायचा. आणि मग एका हातातला नारळ आठवला, आणि दुसऱ्या हातात धरलेला पदर.

लोकांबरोबर तोही चढायला लागला आणि थांबला, तेव्हा शेजारी केवळाबाई उभी होती, तिसऱ्या पायरीवर. आज ती पदर सारखा करत नव्हती.

"म्या गळा धरला नव्हता तुमचा," ती हळूच म्हणाली.

"कसा धरणार व्हतीस? समोर आबा व्हते माजे."

"लाज वाटली मला. समदा भार तुमच्या हातावर टाकला आन् म्या पदर धरून बसले. आज ह्या पोरीला बघून कळलं बगा. नाव मात्र तुमचं गेलं."

इतकी वर्षं ज्या पाठीला तो मनातल्या मनात शिव्या देत आला, ती बिचारी आत्ताही तेलाच्या वासासकट गुमान उभी होती.

"दोन राह्यल्यात," तो म्हणाला.

"काय?"

"पायऱ्या. चल."

"अव, येडे झालाव का? म्या आता काडी ऱ्हायले का? कंबर मोडून घ्याल."

"लय दिस झाले तयारी करायलोय."

"ठाव हाय मला," केवळाबाई म्हणाली. "लिंबाला लटकलेलं बघितलंय म्या. लिंबोळ्या पाडताव का काय, म्हणलं. आन् कोरड्या वड्यात घसरलाव तवा कुल्ल्यावर शिंगांचे दोन वळ व्हते."

आता मागं सरण्यात अर्थच नव्हता. बिरूनं पागोटं नीट केलं. तो वाकला, पाठ ताठ ठेवून, कमरेतून. एक हात तिच्या गुडघ्यांमागं, एक पाठीमागं. वरून हरिओमनं पाहिलं आणि बोलणं अर्धवट सोडून तो पायऱ्या उतरायला लागला; मंजुषानं त्याचा शर्ट धरून त्याला थांबवलं.

केवळाबाईच्या हातात नारळ होता. तिनं तो मागून वर येणाऱ्या नागनाथाच्या हातात दिला. डोक्यावरचा पदर ओढून कमरेला खोचला. मग चारचौघांत, भावकीतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांसमोर, तिनं दोन्ही हात बिरूच्या गळ्यात घातले आणि घट्ट धरले.

बिरू उठला. चौथ्या पायरीवर त्याचे गुडघे वाजले, तोंड लाल झालं, पण हातातून काही सुटलं नाही. सुटणार कसं, तीच त्याला धरून होती. पाचवीवर पोचला तेव्हा खाली राहिलेली म्हातारी मंडळी माना वर करून बघत होती. 'मेंढी उचलतंय' म्हणणारा गडी आता काठीला टेकलेला म्हातारा होता. त्यानं खिशातून भंडारा काढून दोघांवर उधळला.

"उतर आता," बिरू धापा टाकत म्हणाला. "पोचलो."

केवळाबाईनं हात सोडले नाहीत.

"थांबा वाईच," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "तवा लय लवकर उतरले म्या."