आहे, वर या

वेळ वाचवण्याची मीटरकाकांची पहिली युक्ती कुठल्याही यंत्रातून आलेली नव्हती. ती एका वीतभर पितळी चावीची होती.

पाणीखात्यात मीटर वाचता वाचता त्यांची तीस वर्षं गेली. गल्लीतली पोरं त्यांना मीटरकाका म्हणायची, मग पोरांचे आईबाप म्हणू लागले, आणि शेवटी साहेबांच्याही तोंडात तेच नाव बसलं. मीटरचं झाकण उघडायची ती चावी सदान्‌कदा त्यांच्या खिशात असे. तिच्यापायी तीन पँटींचे खिसे फाटले आणि ते तिन्ही शिवणबाईंनी शिवून दिले.

शिवणबाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. किरकोळ अंगाच्या, डावखुऱ्या, जिभेच्या तिखट. डाव्या हाताच्या मधल्या बोटात कायम लोखंडी अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालतात ते टोपण. लेक दुसऱ्या गावी होती. मीटर त्यांच्या मोरीत, आणि मोरीच्या भिंतीला लागूनच शिवणयंत्र. काका तीन जिने चढून घंटी वाजवायचे आणि मग दारात ताटकळत उभे राहायचे, कारण बाईंचे गुडघे केव्हाच गेलेले होते. यंत्रापासून दारापर्यंत यायला त्यांना जेवढा वेळ लागे, तेवढ्यात काकांची खालची दोन बिऱ्हाडं वाचून झाली असती.

"पाणीवाले, एवढी अक्कल नाही तुम्हाला?" एकदा बाईच म्हणाल्या. "जिन्याखाली तो पाण्याचा जाड पाइप आहे ना, तो सरळ माझ्या मोरीत येतो. खालूनच चावीने तीनदा ठोका. मी असले तर दोनदा ठोकेन. दोनदा म्हणजे, आहे, वर या. तुम्ही जिने चढेस्तोवर मी दारापर्यंत पोचते."

काकांनी ठोकलं. वरून अंगुस्तानाची टक टक आली. तिसऱ्या मजल्यावर पोचले तर दार उघडं आणि बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "वाचली की नाही पाच मिनिटं?" वाचली होती. मग त्या वाचलेल्या पाच मिनिटांत दोघं दहा मिनिटं गप्पा मारायचे, ही गोष्ट निराळी. असं एकोणीस वर्षं चाललं. ठोकून उत्तर आलं नाही असं फार तर चारपाच वेळा झालं असेल, तेव्हा बाई लेकीकडे गेलेल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी घरोघरची मीटरं बदलली आणि काकांच्या हातात मोबाइलएवढं एक यंत्र आलं. खात्यात सगळे त्याला डबी म्हणत. जिन्याच्या तळाशी उभं राहायचं, बटण दाबायचं, की अठरा सेकंदांत अख्ख्या इमारतीचे आकडे डबीत. साहेबांनी भाषण ठोकलं, आता तुमचा वेळ वाचणार म्हणून. वाचला की! दिवसाला सत्तर घरं होती, ती सहाशे झाली. एका जागी चाळीस सेकंदांहून जास्त थांबलं तर डबी थरथरायची आणि विचारायची, थांबण्याचं कारण? खाली चार पर्याय असत: कुत्रा, बंद फाटक, पाऊस, इतर. 'इतर' निवडलं की दुपारी साहेबांचा फोन येई. काका 'कुत्रा' दाबायचे. त्यांच्या हद्दीत कुत्री फार आहेत, असा खात्याचा समज झाला होता.

डबी मिळाली त्या आठवड्यात ते शेवटचे बाईंकडे गेले. "आता यायची गरजच नाही मावशी. सगळं खालूनच कळतं," ते जरा ऐटीतच म्हणाले.

"काय काय कळतं खालून?"

"सगळं."

"बरंय," बाई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या. त्यांना वाईट वाटलं हे काकांना तेव्हाच कळलं होतं. पण अधूनमधून येत जाईन, असं ते बोलून गेले आणि त्यावर स्वतःचंच समाधान करून घेतलं. ते अधूनमधून कधी उगवलं नाही.

आता त्या मंगळवारचं सांगायला हवं. सकाळचे दहा वाजले होते. काका जिन्याच्या तळाशी उभे राहिले, बटण दाबलं. आकडे आले. तिसऱ्या मजल्यापुढे पिवळी खूण होती: पाणी सलग वाहतंय. तोटी गळत असली की ही खूण येते. ग्राहकाला सूचना पाठवायची का, असं डबीने विचारलं. काकांनी 'हो' दाबलं, आणि वर शिवणबाईंचा मोबाइल वाजला असणार, मोरीपासून दोन खोल्या लांब.

काका वळले आणि पाइपातून आवाज आला. टक टक.

ते थांबले. थोड्या वेळाने पुन्हा, टक टक. पाइपात हवा कोंडली की आवाज होतो, हे त्यांना तीस वर्षं ठाऊक होतं. पण त्या हवेचा आवाज कसा असतो, हेही त्यांना तीस वर्षं ठाऊक होतं. चावी खिशात होती. तीनदा ठोकायचं, एवढंच होतं. तेवढ्यात डबीने पुढचा पत्ता दाखवला आणि काका बाहेर पडले.

त्या दिवशी फेरी झपाट्याने झाली. डबी आल्यापासून पहिल्यांदाच ते चाळीस मिनिटं लवकर घरी पोचले. काकू इतक्या खूश झाल्या की दोघांनी खिडकीत खुर्च्या ओढून चहा घेतला, जुन्या गोष्टी काढून हसले. इतकी चांगली दुपार त्यांच्या संसारात फार दिवसांनी आली होती.

पुढच्या महिन्यात तिसऱ्या मजल्यापुढे नवी खूण आली: चार आठवडे वापर शून्य. काका बघतच राहिले. डबी थरथरली, त्यांनी कुत्रा दाबला आणि तळमजल्यावरच्या चांभाराला विचारलं.

"तुम्हाला ठाऊक नाही?" चांभार म्हणाला. "मोरीत पडल्या हो. अर्धांगवायू. कपडा धूत होत्या, तोटी उघडीच राहिली. लेकीचा फोन उचलेनात म्हणून ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, दार फोडलं. मंगळवारी सकाळीच पडलेल्या म्हणे. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तर बोलणं वाचलं असतं कदाचित."

तेव्हापासून काकांच्या मागे ते दोन ठोके लागले. काकूंनी पळी कढईच्या काठावर झटकली, टक टक, की ते हातातला पेला खाली ठेवून कान द्यायचे. शेजारच्या मोरीत बादली आपटली तरी ते उठून उभे राहायचे. ऑफिसात त्यांचा सत्कार झाला, सर्वात जलद फेरी म्हणून. साहेबांनी माइक सुरू आहे का बघायला बोटाने दोनदा टिचकी मारली आणि काका सभा सोडून बाहेर गेले.

"झालंय काय तुम्हाला?" काकूंनी शेवटी विचारलं.

"पाइपात हवा आहे."

"पाइपात हवा असती तर तुमचं तोंड असं का उतरलं असतं?" काकू म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी पळी झटकायचं सोडलं.

एका सोमवारी भर फेरीत काका वाट सोडून चांभाराने सांगितलेल्या शुश्रूषागृहात गेले. एका खोलीत चार लोखंडी खाटा होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर शिवणबाई, शेजारी लेक संत्रं सोलत बसलेली. बाईंचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. डावा हात खाटेच्या कठड्यावर होता आणि बोटात अंगुस्तान.

"काढू देत नाही," लेक म्हणाली. "आणि दिवसभर हे असं."

बाईंनी कठड्यावर दोनदा ठोकलं. मग थांबून कान दिला. मग पुन्हा दोनदा.

"काही मागते आहे, पण काय ते कळत नाही," लेक म्हणाली. "पाणी हवं का, कूस बदलायची का, खिडकी लावू का, सगळं विचारून झालं. नर्स म्हणते, नुसती सवय असते. पण ती ऐकते कशी, बघा ना. कोणी येणार असल्यासारखी."

तसंच परत फिरावं असं काकांना फार वाटलं. लेकीला काही ठाऊक नव्हतं आणि कधी ठाऊक होणारही नव्हतं. ते खाटेच्या पायथ्याशी गेले, खिशातून चावी काढली आणि लोखंडावर तीनदा ठोकलं.

बाईंचा हात जागच्या जागी थांबला. डोळे मोठे झाले. मग त्यांनी घाईघाईने, जोरात ठोकलं, टक टक.

लेकीच्या हातातलं संत्रं खाली पडलं. "हे काय? तुम्हाला कसं ठाऊक?"

काकांनी सगळं सांगितलं. चावीचं, अंगुस्तानाचं, दोनदा म्हणजे काय त्याचं. आणि मग मंगळवारचं. "मला ऐकू आलं होतं," ते म्हणाले. "दोनदा आलं. मी जिन्याखालीच होतो."

लेकीने खाली पडलेलं संत्रं उचललं. मग हळूच विचारलं, "मग वर का नाही गेलात?"

खिशात डबी थरथरली. तीही कारणच विचारत होती आणि तिच्याकडे चार उत्तरं तरी होती. वेळ नव्हता, असं म्हणायला काकांनी तोंड उघडलं. पण ते खोटं होतं.

"वेळ होता," ते म्हणाले. "त्या दिवशी मी चाळीस मिनिटं लवकर घरी गेलो. बायकोबरोबर चहा घेतला."

लेकीने डोळे पुसले. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. ती एवढंच म्हणाली, "आता तिला सांगा, आलात म्हणून."

काका उशाशी गेले, वाकले. "मावशी, मी. पाणीवाला. आलो मी वर."

शिवणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, नीट, बराच वेळ. मग नजर दाराकडे वळवली, कठड्यावर दोनदा ठोकलं आणि जिन्यावर पावलं वाजतात का ते ऐकू लागल्या.