कार्ड महिपतचं, ताप तुळसाचा

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. रत्नागिरीच्या खाडीपलीकडे, भाट्यातल्या दवाखान्यात नर्स यमुनाबाई स्टोव्हवर सुया उकळत ठेवून काल धुतलेल्या पट्ट्या गुंडाळत होत्या. वय अठ्ठेचाळीस, नोकरी एकवीस वर्षांची. सुया होत्या; पेनिसिलिन नव्हतं. बाळंतिणींसाठी येणारं औषध पहिल्या दहा दिवसांपुरतंच. सोयर फिटलं की सरकारच्या लेखीही बाळंतपण संपतं.

बाकावर तुळसा बसली होती. बाळंत होऊन तेवीस दिवस झालेले, उजवी छाती पिकलेली, ताप एकशे तीन. रत्नागिरीला दाखवून झालं होतं. तिथून चिठ्ठी मिळाली: इंजेक्शनं बाजारातून आणा. बाजारातून आणण्याची ऐपत नव्हती. तिने पदराच्या गाठीतून एक कार्ड काढलं. नवरा महिपत मुंबईत गिरणीत. तिथल्या कामगारांचा सरकारी विमा दोन वर्षांपूर्वी, चोपन्न साली सुरू झाला, त्याचं हे कार्ड. त्याने ते चिठ्ठीसोबत पाकिटातून धाडलं होतं.

"नाव कोणाचं यावर?"

"त्येंचा."

"ताप कोणाला?"

बाळाला मांडीवर घेऊन बसलेली सासू गंगा म्हणाली, "पोर दोघांचा नि इमा येकट्याचा? सरकार मुंबयला येगला नि हय येगला काय, बाय?"

"कार्ड मुंबईतच चालतं, गंगावैनी. तेही त्याच्या एकट्यासाठी."

"त्येला बायको हाय, ह्या गिरणीला म्हायती नाय?"

"गिरणीला आहे. विम्याला नाही."

बायकोलाही विमा लागू करा, निदान बाळंतपणानंतर चाळीस दिवस, असा अर्ज यमुनाबाईंनी तीनदा केला होता. दोनदा पोच आली. दवाखान्यात आलेलं हे चौथं कार्ड. आधीच्या तिघींपैकी एक गेली; तिच्या नवऱ्याचं कार्डही त्यांनीच परत पाठवलं होतं.

महिपतची चिठ्ठी पोस्टमनने 'कार्ड दवाखान्यात दाखव' इथपर्यंतच वाचली होती. उरलेली ओळ यमुनाबाईंनी मोठ्याने वाचली: "मला महिनाभर खोकला आहे, डॉक्टर कार्ड मागतो, पण आधी तू बरी हो."

गंगा पदराने बाळावरची माशी हाकत राहिली.

यमुनाबाईंनी छाती शेकली, पू काढला, पट्टी बांधली. उद्या या म्हणाल्या. उद्याही एवढंच होईल, हेही सांगितलं. मग कार्ड लखोट्यात घालून वर महिपतचा पत्ता लिहिला. टपालाची पिशवी उद्या सकाळी साडेआठच्या होडीने खाडी ओलांडते.