न वाचलेला चौथा भाग

आमच्या कामात एका ओळीला फार किंमत असते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडमध्ये कुणाला काही बदल सुचवायचा असला, की तो ईमेलने सगळ्यांसमोर ठेवतो. जगात कुठेही बसलेला माणूस तो वाचू शकतो. ज्याने खरोखर वाचला, तो खाली लिहितो, ‘मी हा बदल वाचला आहे’, आणि पुढे आपलं नाव. अशी ओळ मिळाल्याशिवाय बदल आत घेत नाहीत. वाचला की नाही हे तपासायला कुणी येत नाही, लिहिणाऱ्याच्या शब्दावर सगळं चालतं.

माझ्या ओळीला वजन होतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पुढे जे झालं त्याला हेच कारण झालं म्हणून सांगते. गोवा राज्य झालं त्या पावसाळ्यातला माझा जन्म, शाळा मराठी, घरात कोकणीमिश्रित बोलणं, आणि ईमेलातलं इंग्रजी पुस्तकातून शिकलेलं, त्यामुळे जरा जास्तच टोकदार. धारगळला सासरी जनेलाजवळ, म्हणजे खिडकीशी, टेबल टाकून मी सकाळी पोटापाण्याचं काम करी आणि दुपारनंतर हे बिनपगारी. नवरा त्याला फुकटची हमाली म्हणायचा. लहान यंत्रांच्या घड्याळाच्या आणि सेन्सरच्या कोडचा एक कोपरा माझ्याकडे होता. तिथे कुणी गबाळं काम पाठवलं की मी त्याची बिनपाण्याने करी. लोक म्हणत, हिच्या नजरेतून सुटलं म्हणजे ते बरोबरच असणार. मला ते ऐकायला आवडायचं. खूप आवडायचं.

माझा थोरला भाऊ डिचोलीकडे एका बंद पडलेल्या खाणीवर पंप चालवायचा. खाण बंद झाल्यापासून तिच्या खड्ड्यात तळं झालं होतं. पावसात ते फुगून बांध फोडेल म्हणून आणि उन्हाळ्यात खालच्या शेतांना पाणी हवं म्हणून बारा महिने उपसा चाले. पंप पिंपांच्या तराफ्यावर, आणि तिथे जायला खड्ड्याच्या आतल्या अंगाने एक अरुंद वाट. डोंगरावर जोराचा पाऊस झाला की वरच्या जुन्या खड्ड्याचं पाणी एकदम खाली येई आणि अर्ध्या तासात ती वाट बुडे. म्हणून दोन माणसं असत. दादा खाली, आणि दुसरा वर काठावर बसून पाण्यावर नजर ठेवणारा. पाणी हललं की तो ओरडायचा आणि दादा वर चढायचा.

त्या काठावरच्या माणसाच्या जागी मी पेटी बसवली. पाण्यात सेन्सर, काठावरच्या खोपीत छोटा बोर्ड, त्यावर आमचीच ऑपरेटिंग सिस्टिम, छपरावर भोंगा. पाणी खुणेवर आलं की भोंगा वाजणार. पहिल्या पावसाळ्यात तो चारदा वाजला आणि चारही वेळा दादा वेळेवर वर आला. मग पंपाचं बघणाऱ्या गावच्या मंडळींनी वरचा माणूस कमी केला. मला ते कळलं तेव्हा पटलं नव्हतं. वरचा माणूस असू दे, असं दादाला म्हटलं, तर तो हसला.

“तो सगळो वेळ झोपान असायचो गो. तुझी पेटी झोपणा नाय.”

पेटीचा एक त्रास मात्र होता. हवेत ओल धरली की सेन्सर अधूनमधून अडकायचा. हाच त्रास इतरांनाही होता, आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी आठवडाभर एकाने त्यावर बदल पाठवला. दूरच्या थंड देशातला माणूस, कधी न भेटलेला, पण सहा वर्षं त्याचं काम मी वाचत आले होते. अक्षर सुंदर असावं तसा त्याचा कोड. बदल चार भागांत होता. पहिले तीन सेन्सरच्या दुखण्यावर नेमके. ते मी ओळ न ओळ वाचले, घरच्या बोर्डावर दोन दिवस चालवून पाहिले. चौथ्या भागाचं शीर्षक होतं, ‘किरकोळ साफसफाई’.

चवथीच्या आदल्या दिवशी दादा ओझं घेऊन आला. आमच्याकडे माहेरून लेकीच्या सासरी चवथीला ओझं येतं, नेवऱ्या, लाडू, नारळ, फळं. आई गेल्यापासून ते तोच आणायचा. बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीवर, बसून त्याचा चहा झाला, सासऱ्यांशी गप्पा झाल्या. त्या संध्याकाळी नवे बदल घेण्याची मुदत संपत होती, आणि पुढचे पाच दिवस मला चुलीपाशीच उभं राहायचं होतं. दादाला नवी आवृत्ती आजच हवी होती, कारण ओल वाढली होती.

“बाय, तुझा काम तुका सोडता काय नाय?” त्याने बाहेरून विचारलं.

“आले आले,” मी म्हटलं.

आणि मी चारही भागांखाली ओळ लिहिली. मी वाचला आहे. चौथा मी उघडलासुद्धा नव्हता. साफसफाई, तीही त्या माणसाची, त्यात काय बघायचं? चारही भागांसकट नवी आवृत्ती एका कार्डावर भरून मी दादाच्या खिशात घातली आणि नेवऱ्यांचा डबा उघडला.

त्याच रात्री आणखी एका जुन्या, जाणत्या माणसाने माझ्या ओळीखाली आपली ओळ लिहिली. बदल आत गेला.

दुसऱ्या दिवशी, चवथीच्या संध्याकाळी सहा वाजता दादाचा फोन आला. आमच्या घरात आरतीचा गलका होता, तरी त्याचा आनंद ऐकू आला. “कार्ड घातलंय गो. दिवो हिरवो झालो!” मी हुश्श केलं. त्या क्षणापासून पेटीतलं घड्याळ मोजायला लागलं होतं.

त्यानंतरचे दिवस छान गेले. पेटी एकदाही अडकली नाही. भोंगा दोनदा वाजला, दोन्ही वेळा बरोबर. दादा म्हणायचा, आता ही पेटी शहाणी झाली. दसरा झाला. पाऊस परतीला लागला, पण जाता जाता दुपारचे ढग भरून यायचे आणि तासभर कोसळायचे. त्या ढगांचा रंग मला कधी आवडला नाही. त्या वर्षी तर बघवत नव्हता, का ते सांगता येणार नाही. कदाचित हे आज वाटतं आणि तेव्हा मी पापड वाळत घातले असतील.

दिवाळी पाच दिवसांवर होती. वाड्यावरची मुलं दिवाळीत जाळायच्या नरकासुराचा सांगाडा बांधत होती, त्यांची ठोकाठोक ऐकू येत होती. दुपारी तीनच्या सुमाराला मी ईमेल उघडली. कुणा अनोळखी माणसाची तक्रार होती. दूध थंड ठेवणाऱ्या यंत्रावर त्याने आमची नवी आवृत्ती घातली होती. यंत्र चालू दिसतं, दिवा लागतो, पण तापमान बघणं त्याने सोडून दिलं आहे. ना चूक दाखवतं, ना बंद पडतं. सुरू केल्यापासून बरोबर एकोणपन्नास दिवस आणि सतरा तासांनी हे झालं.

आमच्या धंद्यातल्या कुणालाही हा आकडा सांगा, तो पांढरा पडेल. या लहान बोर्डांचं घड्याळ सेकंदाचे हजार तुकडे मोजतं, आणि मोजता मोजता त्याची जागा संपते. स्कूटरचा किलोमीटरचा आकडा सगळे नऊ झाले की शून्यावर येतो, तसं हे घड्याळ एकोणपन्नास दिवस सतरा तासांनी शून्यावर येतं. म्हणून कोड लिहिताना विचारायचं असतं, मागच्या वेळेपासून किती वेळ गेला? ‘अमुक आकडा ओलांडला का?’ असं कधी विचारायचं नसतं. कारण घड्याळ शून्यावर आलं की तो आकडा पुन्हा एकोणपन्नास दिवस पुढे असतो आणि यंत्र मुकाट्याने वाट बघत बसतं. ही चूक चालवून बघून सापडत नाही, दोन महिने कोण चालवून बघतो? ती फक्त वाचून सापडते.

मी चौथा भाग उघडला. अकरा ओळी. वाचायला सोपं व्हावं म्हणून त्याने पहिला प्रश्न काढून दुसरा घातला होता.

मग मी बोटांवर मोजलं. चवथीच्या संध्याकाळचे सहा. त्यावर एकोणपन्नास दिवस, त्यावर सतरा तास. आज सकाळचे अकरा. पेटी चार तासांपूर्वीच मुकी झाली होती. जनेलातून पाहिलं, तर डिचोलीच्या बाजूचं आभाळ शाईसारखं झालं होतं.

दादाचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. मग वहिनीला लावला.

“ते गेलेत खाणीर, दोन वाजता,” वहिनी म्हणाली. “हंय पाऊस काय पडता, काय सांगू! मी नको म्हटलंय. पण भोंगो वाजूक नाय, मगे घाबरूचा कित्याक, म्हणाले.”

“वहिनी, कुणालातरी पाठव. आत्ता पाठव. दादाला वर यायला सांग.”

“पण भोंगो...”

“भोंगा वाजणार नाही!” मी ओरडले. ती काही विचारायच्या आत फोन ठेवला.

स्कूटर काढली. कोलवाळचा पूल, थिवी, अस्नोडा. अस्नोड्यापुढे पाऊस लागला, समोरचं दिसेना. मी सबंध रस्ता एकच हिशेब करत होते. वाट बुडायला अर्धा तास, पाऊस सुरू होऊन किती झालं? उत्तर काही येत नव्हतं. पुन्हा मोजायला लागायची.

काठावर सातआठ माणसं उभी होती. एकाने मला ओळखलं आणि बाजूला होऊन जागा दिली. खाली वाट नव्हती. लाल पाणी खड्ड्याच्या भिंतीला लागलं होतं आणि पंपाचा तराफा एका कुशीवर कलंडून दोराला ओढ देत होता. खोपीत पेटीचा दिवा हिरवागार जळत होता. मी त्या पेटीवर मुठी मारल्या. एक म्हातारा मला धरून म्हणत होता, “बाय, यंत्र कित्याक मोडतंस? त्येची काय चूक?”

दादा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला.

तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या ईमेलवर लिहिलं. चौथा भाग मी न वाचता माझी ओळ दिली, आणि या चुकीने माझा भाऊ गेला. एवढंच लिहिलं. ते आजही तिथे आहे, कुणीही उघडून वाचावं. त्या थंड देशातल्या माणसाचं लांबलचक पत्र आलं, तो रडला असावा असं वाटत होतं. जुन्या जाणत्या माणसाने लिहिलं, ‘तुझी ओळ दिसली म्हणून मी दिली, मीही वाचला नव्हता.’ दुरुस्ती एका ओळीची होती. तासाभरात तिघांनी ती वाचल्याचं लिहिलं. मी ते सगळं कोरडेपणाने बघितलं. परक्यांपुढे कबूल करणं मला जमलं, याचा मला राग आला, कारण वहिनीला मी अजून काही सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, पावसाने पेटी बिघडली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगे, नणंदेने किती मेहनतीने केली होती, नशिबापुढे कुणाचं काय चालतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली. पंपावर नवा माणूस येणार होता, तिच्याच चुलत भावाचा जावई.

“ती पेटी बरी करून परत बसव, बाय,” ती म्हणाली. “माका दुसऱ्या कोणाचो इश्वास नाय.”

तेव्हा मी सांगितलं. ओळ म्हणजे काय, चार भाग कसे होते, मी काय केलं. घड्याळाचं सांगायला लागले तर तिने हात वर करून थांबवलं. ते तिला नको होतं. मला वाटलं, आता ती मला घालवून देईल, आणि देईल तर बरं होईल.

“तो चौथो भाग,” तिने विचारलं, “वाचूक कितको वेळ लागलो असतो?”

खोटं सांगावं असं फार वाटलं. एक तास म्हणावं, एक दिवस म्हणावं.

“पाच मिनिटं,” मी म्हटलं.

वहिनीने पदराने तोंड पुसलं. मग आतल्या खोलीकडे बघून तिने आपल्या मुलीला हाक मारली.

“चेडवाक तूच सांग,” ती मला म्हणाली. “माझ्यान ह्या होवचा नाय.”

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. माझी भाची वही मिटून बाहेर येत होती.