दातवणाची घटका

शाहूपुरीत गुळाच्या अडतींमागच्या बोळात चिमणाबाई राहायची, आणि ती घरात आहे का हे बघायला कुणाला दार वाजवावं लागत नसे. आवाजच तसा. तिनं नळावरच्या बाईला हाक मारली की गुळाच्या सौद्याला निघालेली माणसंही मागं वळून बघायची. माहेर मुरगूडचं, नवरा अप्पा अडत दुकानात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तोलायला, आणि पदरात एकुलती एक लीला. सगळा बोळ चिमणाबाईला आक्का म्हणायचा म्हणून लीलाही आईला आक्काच म्हणायची. चिमणे म्हणून हाक मारणारा माणूस जगात एकच, तो म्हणजे अप्पा.

अशा या बाईच्या घरातून रोज दुपारी घटकाभर चकार शब्द बाहेर पडत नसे. ती दातवणाची घटका.

दातवण म्हणजे काय हे आजच्या पोरींना सांगायला हवं. हिरडा, मायफळ, हिराकस असं काय काय कुटून केलेली ती काळी पूड. सवाष्णीनं ती बोटानं दातांवर बसवायची, म्हणजे दात काळेभोर आणि चकचकीत होत. कपाळाला कुंकू तसं दातांना दातवण. ज्यांना यात रूप दिसत नाही त्यांनी खुशाल नाक मुरडावं. पांढरे दात कुत्र्यामांजरांचे असतात असं म्हणणाऱ्या बायका त्या काळी होत्या, आणि चिमणाबाई त्यांतलीच होती.

जेवणं उरकली, भांडी पालथी पडली की ती फणेरपेटी घेऊन उंबऱ्याजवळच्या उजेडात बसे. पेटीच्या झाकणातला आरसा उभा करायचा, तेल लावून केस चोपायचे, खोपा आवळायचा. मग कपाळावर मेणाचं बोट आणि त्या मेणावर कुंकवाची आडवी चिरी, सुतात धरल्यासारखी सरळ. डोळ्यांत घरी धरलेलं काजळ. अंगावर इरकली लुगडं, बहुतेक वेळा तिच्या आईचं: हिरवं, तांबड्या काठाचं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. त्याला चार ठिकाणी रफू होतं, पण नेसण अशी चापूनचोपून की रफू कुठल्या निरीत गेलं ते शोधून सापडायचं नाही.

"नवं लुगडं कुनीबी नेसंल," ती म्हणायची, "जुनं नेसाय अंगात पानी लागतंय."

सगळ्यात शेवटी दातवण. ते एकदा लावलं की बसेपर्यंत तोंड मिटून राहायचं. मध्येच बोललं की फिसकटलंच.

अप्पाला हे पक्कं ठाऊक. गडी स्वभावानं गरीब, पण या बाबतीत महालबाड. दुपारचा जेवायला आलेला असायचा. बायकोनं तोंड मिटलं की हा पान लावत बसायचा आणि आपली सगळी पापं एकेक करून बाहेर काढायचा.

"चिमणे, आपली सायकल त्या ज्ञानूला दिली बग चार दिसाला."

चिमणाबाई डोळे वटारी.

"आन् तुज्या भावाला सांगावा धाडायचा ऱ्हायलाच."

काकणं खणखणत.

"आन् काल काय मी सौद्याला न्हवतो. कुस्त्या बगाय गेलतो."

आता हातात लाटणं येई. पण बोलायची सोय कुठं? अप्पा पान तोंडात टाकून, पायात चपला सरकवून पसार. संध्याकाळी तो परत येईस्तोवर तिचा निम्मा राग निवलेला असायचा, आणि उरलेल्या निम्म्यावर तीच खदखदून हसायची. ते हसणं बघण्यासारखं होतं. सावळा चेहरा, तांबडी चिरी, आणि त्यात काळ्या दातांची लकाकी. अप्पा नुसता बघत राहायचा. बायकोला चिडवून मग तिचं हसणं बघायचं, हाच त्या माणसाचा शौक होता, दुसरा नव्हता.

लीलाला मात्र त्या दातांची लाज वाटायची.

स्वातंत्र्य येऊन वर्ष झालं असेल. लीला हायस्कुलात जाऊ लागली होती, आणि तिथं तिला राजारामपुरीतली विमला मैत्रीण मिळाली होती. विमलाची आई पाचवारी पातळ नेसायची, तोंडाला स्नो लावून वर पावडर फिरवायची, कुंकू लावायची ते एवढंसं, गोल. आणि दात शुभ्र. एकदा विमला लीलाच्या घरी आली. आक्कानं तोंडभरून हसून तिचं स्वागत केलं, गूळ-शेंगदाणे पुढं ठेवले. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरींनी लीलाला विचारलं, "तुझी आई शाई पिते काय गं?"

लीला घरी आली ती फणफणतच.

"आक्का, सोड ते दातवण. लोक हसतात."

"हसू देत की. मीबी हसतो."

"मला लाज वाटते."

चिमणाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मुरगूडच्या रानात वाढलेली ती बाई, पोरीला एक ठेवून द्यायला मागंपुढं बघणारी नव्हती. पण त्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "लोकांसाठी लावत न्हाय मी. तुजा बा हाय तवर माजं दात काळंच ऱ्हानार. त्यात बोलाय जागाच न्हाय."

पुढं विषय निघाला नाही. दातवण खैरुनबी आणून द्यायची. डोक्यावर काकणांची पाटी घेऊन ती बोळाबोळानं फिरे, आणि पाटीच्या तळाशी दातवणाची पुडी ठेवलेली असे. हळूहळू बाकीच्या बायकांनी दातवण सोडलं. कुणी मंजन धरलं, कुणी नुसती राख. "आक्का, आता तुज्या येकलीसाठी कुटतो बग," असं खैरुनबी बजावायची, आणि तरी कुटून आणायची.

लीलाचं लग्न ठरलं ते राजारामपुरीतल्या एका मास्तरांशी. नव्या घरात भिंतीवर लावायला आईबापाचा फोटो हवा असं तिच्या मनानं घेतलं. तिघं नटूनथटून स्टुडिओत गेली. आक्कानं आईचं ते हिरवं लुगडंच नेसलं. खुर्चीवर बसताना लीला तिच्या कानाशी लागली.

"आक्का, तेवढं तोंड मिटून बस हं."

चिमणाबाईनं लेकीकडं एकदा बघितलं आणि मान हलवली. फोटोवाला पडद्यातून डोकं काढून म्हणाला, "मावशी, जरा हसा की." मावशीनं ओठ असे मिटले होते की जणू आत्ताच दातवण लावून बसली आहे. फोटो छान निघाला. येणारेजाणारे लीलाला म्हणायचे, आई किती सोज्वळ आहे हो तुमची. अप्पा पहिल्यांदा लेकीच्या घरी आला तेव्हा भिंतीपुढं कितीतरी वेळ उभा राहिला.

"ह्यी कोन बाई?" त्यानं विचारलं.

सगळे हसले. लीलाही हसली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, संक्रांत नुकतीच झाली होती, अप्पा दुकानात काट्याशी उभा असताना कोसळला. माणसांनी उचलून घरी आणलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

काकणं फुटली. कुंकू पुसलं गेलं. भुवयांमधलं गोंदण तेवढं राहिलं, ते कुणाला पुसता येत नाही. हिरवं लुगडं ट्रंकेच्या तळाशी गेलं. फणेरपेटी फडताळावर चढली. आणि दातवण सोड म्हणून चिमणाबाईला कुणी सांगावं लागलं नाही.

लीला अधूनमधून माहेरी यायची आणि दर वेळी तिला आईचे दात थोडे फिके दिसायचे. आधी कडेनं काळं उतरलं, मग मधलं करडं झालं. पंचमीला ती आली तेव्हा दात पांढरे झाले होते. चांगले बळकट, एकसारखे, विमलाच्या आईपेक्षाही सुरेख. शाळकरी लीलानं जे मागितलं होतं ते तंतोतंत तिच्यापुढं होतं, आणि तिला ते बघवत नव्हतं. आक्काचा आवाजही गेला होता. बोलायची ती कामापुरतं. कुणी काही गमतीचं बोललं आणि ओठ हललेच, तर पदर चटकन तोंडावर जायचा.

"तोंड का झाकतीस?" लीलानं विचारलं.

"उघडं पडल्यागत वाटतंय," आक्का म्हणाली.

त्याच दिवशी दारात आरोळी उठली. "आक्का, पंचमीची काकणं भर चल! आन् तुजं दातवणबी आनलंय, ताजं कुटलेलं!"

खैरुनबी दिवाळीपासून मिरजेला लेकीकडं होती. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ती आत आली, चिमणाबाईच्या कपाळाकडं तिनं बघितलं आणि पाटीसकट मटकन खाली बसली. "या अल्ला, मला कुनी बोललं न्हाय गं," म्हणत ती रडू लागली, आणि चिमणाबाईनंच तिला पाणी आणून दिलं. डोळे पुसत खैरुनबीनं लीलाला हिरवी काकणं भरली.

"आता कुनासाठी कुटू मी?" जाताना ती म्हणाली.

पुडी उंबऱ्यावर तशीच राहिली. चिमणाबाई तिच्याकडं बघून परसात निघून गेली.

लीलानं पुडी उचलली. आईला राग येईल की रडू, हे तिला माहीत नव्हतं. हे बोलकं घर असं मुकं राहिलं तर आपली आईही हळूहळू त्यात संपेल, या एका भयानं तिनं ट्रंक उघडली. आजीचं हिरवं लुगडं काढलं. पाचवारीची सवय, नऊवारीच्या निऱ्या कशाबशा कोंबल्या, रफू नेमकं पोटावर आलं. फणेरपेटी खाली घेतली. मेण लावलं, चिरी वाकडी ओढली. मग बोटानं दातांवर दातवण फिरवलं. तुरट चवीनं तोंड आवळून आलं. तशीच ती उंबऱ्याजवळ आईच्या जागी जाऊन बसली.

चिमणाबाई परसातून आली आणि थबकली.

"ह्ये काय ध्यान!"

लीलानं सांगायला तोंड उघडलं.

"बोलू नगंस! फिसकटंल!" चिमणाबाई कडाडली, पूर्वीच्याच आवाजात.

लीलानं ओठ गच्च मिटले. चिमणाबाई तिच्यासमोर, अप्पा बसायचा त्या जागी बसली.

"त्या दिशी मी आशीच बसलेलो," ती म्हणाली. "तुजा बा पान लावत हुता. म्हनला, चिमणे, लीलीच्या घरचा त्यो फोटू काय तुजा न्हवं. तू हसलीच न्हाईस त्यात. पंचमीला लीली आली म्हंजे परत काढू, हसत. मी नुसता हात केला, जावा तिकडं म्हनून. दातवण वलं हुतं की. आन् त्यो गेला."

बाहेर बोळातून गुळाची गाडी खडखडत गेली.

"व्हय म्हनायचं ऱ्हायलं बग माजं."

लीलाला केवढं तरी बोलायचं होतं. ते सगळं मिटल्या ओठांआड अडकलं आणि डोळ्यांतून वाहू लागलं. वाकडी चिरी आणखी वाकडी झाली.

"तू का रडतीस? लेकीसाठी घडीभर तोंड मिटलं, त्यात काय वंगाळ?" चिमणाबाई म्हणाली. "बसलं आसंल आता. थुकून ये जा."

लीला चूळ भरून आली.

"दाव."

तिनं दात दाखवले.

"म्होरचा दात कोराच की गं! माज्या पोटची आन् एवढं येत न्हाय?"

चिमणाबाईनं पुडीकडं बघितलं. आता तिनं सवाष्णीच्या या वस्तूला बोट लावायचं नव्हतं. तिनं एकदा उघड्या दारातून बोळात बघितलं, मग पुडीत बोट बुडवलं आणि लेकीच्या पुढच्या दातावर दातवण नीट बसवलं. थोडं ओठाला लागून मिशीसारखं पसरलं. आरशात ते सोंग बघून लीलाला हसू आवरेना. चिमणाबाई पदरानं तिचा ओठ पुसायला पुढं वाकली आणि तिचे काळे दात बघून पुसता पुसता खदखदून हसली. नळावरच्या बाया वळून बघू लागल्या. पदर लीलाच्या ओठावर होता, तो स्वतःच्या तोंडाशी न्यायचं चिमणाबाईच्या ध्यानातच आलं नाही.