बसा ना, सोडून देतो

माणसांच्या वाईटपणाचा मला फारसा त्रास झाला नाही. त्रास दिला तो चांगुलपणानं, आणि तोही वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या माणसांच्या. तुम्ही त्या रस्त्यानं नुसते पायी निघा. दहा पावलं जात नाहीत तोच मागून गाडी येते, हळू होते आणि कुणीतरी म्हणतं, "बसा ना, सोडून देतो." नको म्हटलं तर त्यांना वाटतं, हा भिडस्त आहे. पुन्हा नको म्हटलं तर वाटतं, घरी भांडून निघाला. मग तर ते सोडतच नाहीत.

आमचं कापडाचं दुकान आंजीला. आजोबांपासूनचं. आसपासच्या खेड्यांतले लोक लग्नाचा बस्ता आमच्याकडे बांधायचे, त्यामुळे मला रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा ओळखायचं. अशा माणसानं ट्रायथलॉनच्या नादी लागू नये. पण मी लागलो. केबल नुकतीच आली होती. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी गल्ल्यावर बसून टीव्ही पाहत होतो, तर त्यात काही गोरी माणसं अंगाला चिकटलेल्या कपड्यांत समुद्रात उड्या टाकत होती. पोहून बाहेर आली, ओल्या अंगानंच सायकलींवर बसली आणि कितीतरी वेळानं उतरून पळायला लागली. तिन्ही मिळून एकच शर्यत, तीच ट्रायथलॉन, मध्ये विश्रांती नाही. बाबा जेवून आले तेव्हा दुकानात एक बाई खणाची वाट पाहत ताटकळली होती आणि मी तिच्याकडे पाठ करून उभा होतो.

त्यानंतर मी सुधारलो नाही. नागपूरला माल आणायला गेलो की सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी मासिकं उकरत बसायचो. एका परदेशी विजेत्याचे फोटो शर्टिंगच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते. त्याच्या सायकलीच्या सीटचं वजन मला पाठ होतं. तो शर्यतीच्या आदल्या दिवशी काय खातो तेही. ते आईला सांगितलं तर ती म्हणाली, "असं तर आपण बिमार माणसाले देतो." तो पायांवरचे केस काढतो असं वाचून मीही काढले. त्या दिवशी पायजमा जरा वर सरकला आणि आईनं हातातली परात खाली ठेवली. "घरात सगळे जिते आहेत ना रे?" एवढंच ती म्हणाली.

मग सायकल आली. पुण्याहून, कुणीतरी वापरलेली, परदेशी बनावटीची. पोत्यात गुंडाळून रेल्वेनं वर्ध्यापर्यंत आणली. इतकी हलकी की दुकानात येईल त्याला मी ती दोन बोटांवर उचलून दाखवायचो. चाकांची कड चार बोटं रुंद आणि चकचकीत. पुढं वाकून कोपर टेकवायच्या दांड्या हव्या होत्या, त्या मी वर्ध्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडून पडद्याच्या पाइपाच्या करून घेतल्या. त्यांवर आडवा होऊन निघालो की शेतातून आवाज यायचा, "काऊन जी, पोटात दुखून राह्यलं काय?" बूट असे की ते पेडलमध्ये खटकन अडकतात. अडकतात लगेच, निघायला मात्र पाय वाकडा करावा लागतो. हे मला पहिल्या दिवशी बसस्टँडसमोर आठवलं नाही. सायकलसकट आडवा झालो, तर चार माणसं मला उचलायला धावली आणि पाचव्यानं मोटरसायकल चालू करून ठेवली.

बाबांचं एक होतं. जगातल्या माणसांची त्यांनी दुकानावरून वाटणी केली होती. काही माणसं घेणारी, काही पाहणारी. पाहणारं गिऱ्हाईक सगळी थानं, म्हणजे कापडाचे तागे, उघडायला लावतं, कापड चिमटीत धरून चोळतं, सूत कोणतं, रंग पक्का की कच्चा, सगळं बरोबर सांगतं आणि उठून जातं. बाबांना त्या जातीचा मनस्वी तिटकारा. मी एकदा टोकदार हेल्मेटचा फोटो त्यांना दाखवत होतो, त्यानं वारा कसा कापला जातो ते समजावत होतो. त्यांनी चष्मा काढला.

"तू गिऱ्हाईक आहेस," ते म्हणाले. "पाहणारं. खेळणारा नाई तू."

संतापून मी तो फोटो त्यांच्यासमोरून ओढून घेतला. आणि संतापाचं कारण मला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत मी पोहलो होतो, सायकल चालवली होती, पळालोही होतो, पण तिन्ही एका दमात कधीच नाही. दर वेळी कुणीतरी अडवायचं. पळायला निघालो की जीपवाला थांबायचा. जीपवाल्याला चुकवलं तर दूधवाला. नंतर कळलं की यात बाबांचाच हात होता. शेठचा मुलगा उन्हात पायी पळतो, घरात काय गाडी नाही, असं लोक म्हणतील म्हणून त्यांनी सगळ्या जीपवाल्यांना सांगून ठेवलं होतं, दिसला की बसवून आणा. आणि तेच मला खेळणारा नाही म्हणत होते!

तेव्हाच मी ठरवलं. एकदा, फक्त एकदा, सबंध करायचं. कुठल्या शर्यतीला जायचं नाही, कुणाचं पदक नको. धामच्या धरणात पोहायचं, तिथून सायकलनं आर्वीवरून रोहण्याला जाऊन खरांगण्याला परत यायचं आणि खरांगण्याहून आंजीपर्यंत पळायचं. मध्ये थांबायचं नाही, कुणाच्या गाडीत बसायचं नाही. जमलं तर मी खेळणारा. नाही जमलं तर बाबा म्हणतात ते खरं, मग ती सायकल विकून मी मुकाट्यानं गल्ल्यावर बसणार होतो.

दिवस निवडला दसऱ्यानंतरचा. हिशेब असा की आदल्या दिवशी सगळे जेवून सुस्तावलेले असतील, सकाळी रस्ता मोकळा मिळेल. हा हिशेब किती मूर्खपणाचा होता ते आमच्याकडच्या कुणालाही कळेल.

पहाटे अंधारातच सायकल घेऊन धरणावर गेलो, आणि अडवणूक पाण्यातच सुरू झाली. पोहायला मी मामाच्या विहिरीत शिकलो, पाठीला रिकामा डबा बांधून, त्यामुळे हात जरा जास्तच आपटतो. मधोमध पोचलो तर मासे धरणारा एक भोई जिवाच्या आकांतानं डोंगा वल्हवत आला. "घाबरू नका जी! हात द्या, काठावर सोडून देतो!" मी पाण्यातून ओरडलो, नको! तो म्हणाला, "पहिले वर तर या, मग नको म्हणा." पाण्यातसुद्धा! तो काठापर्यंत माझ्या बाजूबाजूनं आला आणि मी बाहेर पडल्यावर त्यानं मला चहा विचारला.

सायकलवर बसलो आणि माझा तो मूर्खपणा उघडा पडला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळा मुलूख सोनं द्यायला घराबाहेर पडलेला असतो. आपट्याची पानं खिशात घेऊन माणसं नातेवाइकांकडे निघालेली, आणि त्यांच्या वाटेत मी. "अरे, लहान शेठ! सोनं घ्या, सोनं!" थांबलो नाही तर वर्षभराचं वैर. मी एक हात सोडून पानं घ्यायचो आणि गळ्याजवळून माझ्या त्या गोऱ्यांसारख्या तंग कपड्यात कोंबायचो. आर्वी येईपर्यंत छातीला सगळी आपट्याची पानं टोचत होती. रोहण्याच्या वळणावर आमच्या लांबच्या नात्यातले एक काका रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे होते. मी त्यांना वळसा घालून तसाच परत फिरलो. ते अजूनही आमच्या घरी त्याबद्दल बोलतात.

पण थांबलो नव्हतो. परतताना आर्वी पुन्हा मागं टाकली, जंगलाचा पट्टा लागला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे होणार. खरांगण्याच्या अलीकडे उतार आहे आणि उताराखाली वळण. मी ब्रेक दाबला. चाक थांबेना. दोन्ही हातांनी आवळला. सायकल तशीच सुळकन पुढं गेली आणि मला घेऊन रायमुनियाच्या झुडपात शिरली.

उठलो. गुडघा फुटला होता. पुढचं चाक वाकडं झालं होतं. चाकाच्या कडेला हात लावला तर बोटं लाल झाली. आधी वाटलं रक्त, मग तेलाचा वास आला. शेंदूर.

आई! दसऱ्याला आमच्याकडे कात्री, गज, शिलाई मशीन, बाबांची पेडलवाली लुना, सगळ्याची पूजा होते. मी सोनं वाटायला गावात गेलो होतो तेव्हा तिनं सायकलीचीही केली. स्वस्तिक काढायला जागा शोधली असणार. माझ्या सायकलीच्या नळ्या बोटाएवढ्या, सपाट जागा एकच, ती चाकाची रुंद चकचकीत कड. तेलात कालवलेला शेंदूर तिनं दोन्ही चाकांवर चांगला ठसठशीत भरला. पहाटेच्या अंधारात मला तो दिसला नाही, उन्हानं तेल सुटलं आणि ब्रेकच्या रबरापर्यंत पसरलं. सपाट रस्त्यावर ब्रेक लावायची वेळच आली नव्हती. त्या परदेशी विजेत्यावर असला प्रसंग येणं शक्य नाही. त्याच्या आईला सायकलीची काळजी नसावी.

मी तिथंच बसून मोठ्यानं शिव्या दिल्या. कुणाला, ते माझं मलाच कळत नव्हतं. तेवढ्यात अर्थातच एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत आंजीचीच माणसं, नातेवाइकांकडून परतणारी. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही, सायकल उचलून ट्रॉलीत टाकली. मी ती खाली काढली. त्यांनी पुन्हा टाकली. मी पुन्हा काढली.

"काऊन असं करून राह्यले जी? रक्त निघून राह्यलं तुमचं!" एक म्हातारे कळवळून म्हणाले.

"मले बसायचं नाई!" मी किंचाळलो. त्यांचा चेहरा पडला. मला अजून तो चेहरा आठवतो आणि अजून रागच येतो, कारण त्यांना कसं समजावून सांगायचं ते मला आजही येत नाही. ट्रॅक्टर गेला. मी ते खटक्याचे बूट गळ्यात अडकवले, सायकल खांद्यावर घेतली आणि अनवाणी चालायला लागलो. दोन बोटांवर उचलली जाणारी सायकल अर्ध्या तासानं किती जड होते ते कुठल्याही मासिकात छापलेलं नव्हतं.

खरांगण्याच्या पानठेल्यावर मी आधीच पळायचे बूट ठेवले होते. ठेलेवाल्याच्या हवाली सायकल केली, बूट घातले. त्यानं माझ्यासाठी बाक पुसला होता. मी बसलो नाही. पळायला लागलो, म्हणजे लंगडत पळायला लागलो, आणि गाव सुटतं न सुटतं तोच समोरून लुना आली. बाबा. धोतराचा सोगा कमरेला खोचलेला. ट्रॅक्टरवाल्यांनी थेट दुकानात जाऊन सांगितलं होतं, तुमचा मुलगा रक्तबंबाळ झालाय आणि गाडीत बसत नाही, त्याचं डोकं ठिकाणावर नाही.

त्यांनी लुना थांबवली. माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, गळ्यातून डोकावणाऱ्या पानांकडे पाहिलं. मी त्यांच्या 'बस' म्हणण्याची वाट पाहत होतो. उत्तर तोंडात तयार होतं, इतकं कडू की ते एकदा निघालं असतं तर आमचं पुन्हा बोलणं झालं नसतं. मी जागच्या जागी पळत राहिलो.

"पोहून झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"सायकल?"

"खांद्यावर आणली. खरांगण्याला ठेवली."

त्यांनी लुना वळवली आणि मला पुढं जाऊ दिलं. मला वाटलं, हीसुद्धा एक तऱ्हा, आता मागून टोचत राहतील.

थोड्या वेळानं एक जीप आली, बाबांनीच कधीतरी सांगून ठेवलेल्यांपैकी. ती माझ्याशेजारी हळू झाली. ड्रायव्हरनं दार उघडलं. "बसा ना लहान शेठ, सोडून देतो."

मी तोंड उघडायच्या आत मागून बाबांचा आवाज आला. बाजारात भाव सांगायचा त्यांचा ठणठणीत आवाज.

"त्याले बसवू नको रे! जाय तू पुढं. तो खेळून राह्यला."

जीप गेली. माझ्या डोळ्यांपुढचा रस्ता धूसर झाला आणि मला भयंकर राग आला. इतकी वर्षं हे एक वाक्य कुठल्या थानाखाली दाबून ठेवलं होतं या माणसानं? मी वळून पाहिलं नाही. माझं पळणं इतकं हळू होतं की त्या चालीला लुना टिकत नव्हती. पुन्हापुन्हा बंद पडायची. मग मागून पेडल मारल्याचा आवाज यायचा, इंजिन फटफटायचं, परत बंद पडायचं. शेवटी त्यांनी ते चालू करायचा नाद सोडला. आंजीपर्यंत ते धोतर सावरत माझ्या मागून नुसते पेडल मारत आले.